निकाल बरोबर होते, तर दुरुस्ती कशाला?

प्रश्न तोच असतो, विचारणारे बदलतात. पशुवैद्यकीयचे जुने सोबती विचारतात, मुलाखतीला बसलेले तज्ज्ञ विचारतात, ज्या सरांच्या हाताखाली मी तो पेपर केला, त्यांची नागपूरच्या धरमपेठेत भाजी घेताना भेटलेली एखादी विद्यार्थिनीही विचारते. "शेळ्यांच्या जंतांवरच्या त्या पेपरातले आकडे बरोबर होते ना? मग जर्नलला पत्र लिहून दुरुस्ती का छापायला लावलीस? सरांचं नाव कशाला खराब केलंस?" आजवर ज्याला जेवढं ऐकायचं होतं तेवढंच मी सांगत आले. आता एकदा पुरं सांगते.

आकडे बरोबर होते. ते मीच मोजले होते. हिंगणा आणि काटोलकडच्या गावांतल्या बेरारी शेळ्या, कानातल्या बिल्ल्याचा नंबर घातलेल्या लेंड्यांच्या पिशव्या. 3 ग्रॅम लेंड्या 42 मिली पाण्यात घोटायच्या, गाळायच्या, मिठाच्या संपृक्त द्रावणात अंडी तरंगवायची, मॅकमास्टर स्लाईडचे, म्हणजे अंडी मोजायच्या रेघा आखलेल्या काचेचे, दोन्ही कप्पे भरायचे आणि रेघांच्या आतली अंडी मोजून 50 ने गुणायचं. औषध देण्याआधी एकदा, चौदाव्या दिवशी परत. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली, तर त्या औषधाला जंत दाद देत नाहीत अशी शंका घ्यायची. 1992 नंतर कितीतरी वर्षं जगभर बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. त्या तक्त्यातल्या एकाही आकड्यावर कोणी बोट ठेवावं, मी आजही उत्तर देईन.

म्हणून कोणी "खोटे आकडे" म्हटलं की मला राग येतो. आणि आकडे खरे म्हणजे पेपरात काही लपवलेलं नाही, असं म्हटलं की त्याहून जास्त येतो.

आम्ही एका कंपनीचं नवं औषध अल्बेंडाझोल या जुन्या जंतनाशकाशी ताडून पाहिलं. अल्बेंडाझोल दिलं बाटलीवर छापलेल्या डोसनं, आणि बाटलीवर शेळ्यामेंढ्यांना एकच डोस होता. शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं. म्हणून शेळीला मेंढीच्या साधारण दुप्पट द्यावं लागतं, हे परजीवीशास्त्रात जुनं ज्ञान आहे. मेंढीचा डोस शेळीला दिला तर जुनं औषध कमी पडणारच, आणि त्याच्याशेजारी नवं उठून दिसणारच. मी आखणीच्या वेळीच विचारलं होतं. सर म्हणाले, "शेतकरी बाटलीवरचंच देतो, आपणही तेच तपासू." हे उत्तर वाईट नव्हतं. आजही मी ते खोडून काढू शकत नाही.

पण वाचकाला ते तोलता यायला हवं होतं, आणि तिथेच अडलं. पेपर छापून आला तेव्हा खाली ओळ होती: लेखकांचे कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत. आम्ही सहलेखकांनी वाचलेल्या मसुद्यात ती नव्हती. पेपर पाठवताना करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, ती भरतो; ती सरांनी भरली होती. औषध कंपनीचं होतं. गावात आम्ही जायचो ती जीपही कंपनीची, दारावर नाव रंगवलेलं. एका शेळीवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कंपनी फुकट काऊन देते जी?" म्हणजे गावाला ठाऊक होतं. फक्त जर्नल वाचणाऱ्याला ठाऊक नव्हतं. जीप आणि बाटल्या मी आभारात घालायला सांगितल्या होत्या, छापील पानावर त्याही नव्हत्या.

तरी तेवढ्यावर मी कदाचित गप्प बसले असते. पुढे एका परिषदेत कंपनीच्या टेबलावर माहितीपत्रक मिळालं. त्यात आमचा आलेख होता आणि खाली सरांचा फोटो, कंपनीचे तांत्रिक सल्लागार म्हणून. कधीपासून, तेही लिहिलं होतं. आमचा प्रयोग सुरू व्हायच्या आधीपासून.

ते माहितीपत्रक घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मे महिना होता, कूलर एवढा घरघरत होता की सरांनी तो बंद केला आणि आम्ही दोघं घामानं निथळत बसलो. मी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला, बाजूला सरकवला.

"आकडा कोणता चुकलाय ते सांग."

"आकडा नाही सर, खालची ओळ चुकली आहे."

"ती ओळ कोणी वाचतं का?"

"मग खरी लिहायला काय हरकत आहे?"

ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तू ज्या मायक्रोस्कोपवर मोजलंस तो कुठून आला बेटा? विद्यापीठानं दिला? तीन वर्षं मागणी अर्ज फिरत होता. माझ्या सल्ल्याचे पैसे मी विभागात घातले, हे तुला दिसत नाही. दिसतं काय, तर फोटो."

हे खरं होतं. मायक्रोस्कोप त्याच पैशातून आला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की हेच लिहूया, पैसे मिळाले आणि विभागात लागले, यात लाज कसली. तेव्हा ते मला आजवर टोचतं ते वाक्य बोलले. "एकदा लिहिलं की लोक माझ्या मागच्या पंचवीस वर्षांच्या कामाकडे त्या ओळीतून बघतील. तुझी सुरुवात आहे, तुला नाही कळणार."

मी आठवडाभर थांबले. मग संपादकांना पत्र लिहिलं, सरांना प्रत पाठवली. लपून काही केलं नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. आणि सांगताना जाणवतं की मी स्वतःचीच बाजू मांडते आहे.

बऱ्याच महिन्यांनी दुरुस्ती छापली गेली. चार ओळी: एका लेखकाचे अमुक कंपनीशी सल्लागार म्हणून आर्थिक संबंध होते, औषध आणि वाहन कंपनीनं पुरवलं, निष्कर्षांत बदल नाही. डोसचा मुद्दाही घ्या असं मी लिहिलं होतं. संपादकांनी कळवलं की तो शास्त्रीय मतभेदाचा विषय आहे, दुरुस्तीचा नाही. ते नियमाला धरून होतं. पण जी गोष्ट वाचकाला सर्वांत उपयोगाची होती, तीच बाहेर राहिली.

सरांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. त्यांच्या घरी मॅडमच्या हातचं जेवलेली मी, सणावारी जाणं थांबलं. शिफारसपत्र मी मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही. विभागात "गुरुद्रोह" हा शब्द माझ्या पाठीमागे फिरला. आणि नेटवर माझं नाव शोधलं की पेपराशेजारी "करेक्शन" दिसतं. म्हणून अनोळखी माणूस विचारतो, तुमच्या कामात काय घोळ झाला होता?

दुरुस्ती म्हणजे गुन्ह्याची कबुली, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. केनियाच्या शाळांतल्या जंतनाशक मोहिमेवर 2004 मध्ये एक गाजलेला पेपर आला. त्याच्या लेखकांनी आपला सगळा डेटा दुसऱ्या संशोधकांना दिला. 2015 मध्ये फेरतपासणी छापली, गणितातल्या चुका निघाल्या, काही परिणाम पूर्वी वाटले होते तेवढे उरले नाहीत, आणि वाद अजून चालू आहे. त्या लेखकांपैकी एकाला, मायकेल क्रेमरना, 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कोणाला तोंड लपवावं लागलं नाही. त्याच 2015 मध्ये आपल्याकडे 10 फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिवस सुरू झाला. आपल्या पोरांना शाळेत जी गोळी मिळते, तिच्याबद्दलचे हे वाद उघड्यावर व्हावेत असं मला मनापासून वाटतं.

आणि कंपनीचा पैसा म्हणजे पाप, असं मी कधीच म्हटलेलं नाही. परजीवीशास्त्रात असं म्हणणाऱ्याला आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं काय करायचं ते सांगता येणार नाही. ते शोधण्यात हात असलेले विल्यम कॅम्पबेल मर्क या औषध कंपनीत नोकरीला होते, आणि त्याच कामासाठीच्या 2015 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. नदीअंधत्व या जंतांमुळे दृष्टी घालवणाऱ्या रोगासाठी मर्क 1987 पासून ते औषध फुकट देते आहे. हत्तीरोगासाठी आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल ही तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम 2019 मध्ये आपल्या नागपूर जिल्ह्यात झाली, तेव्हा गोळ्या गिळा म्हणून मीही घरोघरी सांगितलं आहे. कॅम्पबेल कुठे नोकरी करतात ते साऱ्या जगाला माहीत होतं. मला तेवढंच हवं होतं. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा फॉर्म मागच्या 36 महिन्यांतले संबंध विचारतो. तुम्ही प्रामाणिक आहात का, असं तो विचारत नाही.

त्या वेळची मी मात्र याहून सोपा विचार करत होते. ओळ दुरुस्त झाली की पेपर स्वच्छ झाला, असं मला वाटायचं. आज तिला मी विचारेन, चार ओळी छापून काय हललं? ज्यांनी आधीच पीडीएफ उतरवून ठेवली त्यांना दुरुस्ती दिसत नाही. माहितीपत्रकात आलेख तसाच आहे. उलट आता कंपनीचा माणूस सांगू शकतो की सगळं जाहीर आहे, निष्कर्षांत बदल नाही. जाहीर केलं की पुढचं विचारायचं नाही, असाही अर्थ लोक काढतात. तीही मला उलट विचारेल, मग काय, तो फोटो पर्समध्ये ठेवून गप्प बसायचं होतं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. सरांनी तो डोस कंपनीसाठी निवडला का, तेही मला माहीत नाही. त्यांना स्वतःलाही नक्की सांगता आलं असतं असं वाटत नाही.

आता मला खरं काम करायचं आहे ते तेच. त्याच गावांत, तशाच शेळ्यांवर, अल्बेंडाझोल शेळीच्या डोसनं देऊन परत मोजायचं. अल्बेंडाझोल जुनं आहे, स्वस्त आहे, कोणीही बनवतं. ते चांगलं ठरलं तर कोणाचा फायदा नाही, म्हणून कोणती कंपनी त्यावर पैसा घालणार नाही. सरकारी योजनेत दोनदा प्रस्ताव दिला. "विषयात नावीन्य नाही" म्हणून परत आला. तिसरा लिहिते आहे. त्यात एक रकाना असतो, यापूर्वीच्या प्रकाशनांत दुरुस्ती अथवा माघार झाली आहे का? मी "होय" लिहिते आणि खाली सगळं मांडते. रकान्यात ते मावत नाही, वेगळं पान जोडावं लागतं.