पडद्यावरचा गंधार

पहाटे तानपुरा लावून यमनचा रियाज करताना काही महिन्यांपासून मी समोर स्वरांचा आलेख दाखवणारे ॲप ठेवते. षड्ज लांबवताना श्वास संपत आला की रेषा हळूच खाली झुकते, हे माझ्या कानाला कधी जाणवले नव्हते. डोळ्यांना मात्र पहिल्याच दिवशी दिसले. गंधाराच्या बाबतीत मात्र मी ॲपचे ऐकत नाही, कारण त्यातील समान अंतरांच्या सप्तकात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग) धरलेला आहे, तर तानपुऱ्याच्या खरजातून उमटणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. तो नेमका लागला की पडद्यावर लाल खूण उमटते, आणि मी ती खुशाल उमटू देते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड सरकत जाणे, तर या चौकटींत मावतच नाही. हल्ली मी आलेख गाऊन झाल्यावरच पाहते.