पेढीच्या भिंतीवरची ओळ

संस्कृतच्या अध्यापनाबरोबर मानपत्रे, निमंत्रणपत्रिका आणि कोनशिला यांवरील मजकूर तपासून देण्याचे कामही मी करते. दादरच्या एका सराफी पेढीचे नूतनीकरण चालू असताना दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत लावण्यासाठी त्यांनी ‘सर्वे गुणाः काञ्चनमाश्रयन्ति’ ही ओळ निवडली होती. सारे गुण सोन्याच्या आश्रयाला येतात, हे वाक्य सराफाला आवडावे यात नवल नव्हते. माझ्याकडून त्यांना केवळ शुद्धलेखनाची खात्री हवी होती.

ओळ शुद्ध होती. मात्र भर्तृहरीच्या नीतिशतकातील ज्या श्लोकाचा तो शेवट आहे तो तिथे कुणी वाचलेला नव्हता, म्हणून पेढीच्या मागच्या खोलीत मी तो पूर्ण म्हणून दाखवला. ‘यस्यास्ति वित्तं स नरः कुलीनः’ अशी त्याची सुरुवात आहे: ज्याच्याजवळ पैसा आहे तोच कुलीन, तोच पंडित, तोच बहुश्रुत, तोच वक्ता आणि तोच देखणा. धाकटे शेठ म्हणाले, “मॅडम, मग ही स्तुतीच झाली की!” तेव्हा मी त्यांना प्रचलित आवृत्त्यांत याच्या थोडाच आधी येणारा ‘जातिर्यातु रसातलम्’ हा श्लोक ऐकवला, ज्यात कूळ रसातळाला जावो, गुण त्याहूनही खाली जावोत, शील कड्यावरून कोसळो, पण आम्हाला पैसा तेवढा मिळो, असे मागणे आहे. असे मागणे कवी मनापासून मागत नाही. पैशापुढे माणसाची पारख करण्याची शक्तीच लोक गमावून बसले आहेत, हे पाहून आलेला तो संताप आहे.

धनवान स्वतः कसा बिघडतो हे सांगणारी वचने संस्कृतात पुष्कळ आहेत. बाणभट्टाच्या कादंबरीत मंत्री शुकनास राजपुत्र चंद्रापीडाला यौवराज्याभिषेकाआधी लक्ष्मीच्या मदाविषयी दीर्घ उपदेश करतो, आणि हितोपदेश तारुण्य, धन, सत्ता व अविवेक यांपैकी एकेकही अनर्थाला पुरेसे असल्याचे बजावतो. तरीही मला भर्तृहरीचा हा श्लोक अधिक जिव्हारी लागतो, कारण यात धनवान काहीच करीत नाही. बिघडते ती त्याच्या भोवती उभ्या असलेल्या तुम्हाआम्हा सर्वांची नजर. हे मी तिथे स्पष्टपणे सांगितले आणि ही अर्धी ओळ गौरवपर म्हणून लावण्यास माझी संमती नाही, असेही सांगितले.

थोरले शेठ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, तोवर शांतपणे ऐकत होते. १७व्या शतकात वामनपंडितांनी केलेला भर्तृहरीचा मराठी अनुवाद त्यांना शाळेपासून ठाऊक होता आणि ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता’ त्यांनी लगेच म्हणून दाखवले. याच कवीचे दुसरे काही सुचवा, असे ते म्हणाल्यावर मी ‘दानं भोगो नाशः’ सुचवला: धनाला तीनच वाटा, आणि जो देतही नाही व उपभोगतही नाही त्याच्या धनाला तिसरी. दुकानात ‘नाश’ हा शब्द नको, असे धाकट्या शेठनी कळकळीने सांगितले. अण्णांनी तेही मानले आणि दर्शनी भिंत मोकळी ठेवून ‘दानं भोगो नाशः’ हा पूर्ण श्लोक हिशेबाच्या खोलीत लावायचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी मी मजकूर पाठवला आणि त्यातील ‘तिस्रो’ (तीन) या शब्दात दुसरा ‘त’ घालू नये, हे कोरणाऱ्या कारागिराला फोन करून वेगळे सांगितले.