नाकातले पॉलिप: ऑपरेशननंतरच खरं काम सुरू होतं

‘नाकात मांस वाढलंय, कापून टाका’ या वाक्यात दोन घोटाळे आहेत. बॅटरी मारून नाकात जे लालसर दिसतं, ते बरेचदा टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतल्या भिंतीची घडी असते. ते प्रत्येकाच्या नाकात असतंच, आणि त्याला काडी लागली की दुखतं. पॉलिप सोललेल्या द्राक्षासारखा, फिकट, आणि हात लावला तरी बहुधा कळतही नाही. दुसरा घोटाळा ‘कापून टाका’चा. पॉलिप म्हणजे सायनसच्या, नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळीच्या, सुजलेल्या अस्तराची लोंबणारी पिशवी. पिशवी काढली तरी सूज येण्याची प्रवृत्ती तशीच राहते.

मग ऑपरेशन कशाला? बंद सायनसमध्ये स्प्रे पोचत नाही. दारं उघडली की औषध आत जातं. हे पटलं नाही, तर वर्षा-दोन वर्षांत ‘पुन्हा आलं’ म्हणून डॉक्टर बदलले जातात.

आधी काही आठवडे स्टिरॉइडचा स्प्रे आणि नाक धुणं करून पाहतात. त्याने भागलं नाही तरच सीटी स्कॅन. स्कॅन केवळ निदानासाठी नसतो, तो सर्जनचा नकाशा असतो. डोळ्याच्या बाजूचं हाड कागदासारखं पातळ असतं. वर मेंदूच्या तळाशी असलेला वासाच्या नसेचा खड्डा कुणात १ ते ३ मिमी, तर कुणात १६ मिमीपर्यंत खोल असतो. खड्डा जितका खोल, तितका धोका जास्त. पॉलिप एकाच बाजूला असेल तर तुकडा तपासायला पाठवायलाच हवा, कारण ती वेगळी गाठ निघू शकते. तान्ह्या बाळाच्या नाकात असं काही दिसलं, तर स्कॅनआधी तुकडा काढूच नये. ते खाली उतरलेलं मेंदूचं आवरणही असू शकतं.

दमा असेल, किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळीने कधी धाप लागली असेल, तर ते आधीच सांगावं. पॉलिप, दमा आणि या गोळ्यांचा त्रास हे त्रिकूट एकत्र असेल, तर पॉलिप फार लवकर परततात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र ज्यांनी दिल्या त्यांना विचारूनच थांबवायच्या.

ऑपरेशन बहुधा पूर्ण भुलेखाली. डोकं थोडं उंच, नाकात अ‍ॅड्रिनालिनच्या पट्ट्या, ४ मिमीची दुर्बीण, आणि ओढून कापणारं मायक्रोडिब्रायडर. आधी आकड्यासारखं अनसिनेट हाड निघतं, मग गालाच्या सायनसचं तोंड मोठं होतं, त्यानंतर दोन डोळ्यांमधल्या एथमॉइड सायनसचे कप्पे आणि मागचा स्फेनॉइड सायनस. कपाळाचा सायनस बहुधा शेवटी, वाकड्या नजरेच्या दुर्बिणीने. घोळ होतो तो रक्तामुळे: दिसलं नाही की हत्यार चुकतं. डोळे झाकत नाहीत ते यासाठीच. बुबुळाची बाहुली मोठी झाली किंवा डोळा टणक होऊन पुढे आला, तर आत रक्त साठतंय, आणि तेव्हा मिनिटं मोजायची असतात.

घरी आल्यावर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा, थांबत नाही असा थेंब गळत असेल, तर सर्दी समजून बसू नये. मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं.

डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून धुणं. एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, दीड सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण ९ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा. स्क्वीझ बाटलीने दिवसातून दोनदा, दर वेळी साधारण २४० मिली, तोंडाने श्वास घेत. नळाचं कच्चं पाणी अजिबात नको. त्यातला अमीबा क्वचित का होईना, जीव घेतो. बाटलीही रोज धुऊन वाळवायची. खपल्या स्वतः उपटू नयेत, त्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीखाली काढतात. स्प्रे उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजवीत, टोक कानाकडे. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं आणि औषध वाया जातं.

पॉलिप परतताना बहुतेकदा नाक बंद होण्याआधी वास जातो. फोडणीतला हिंग कळेनासा झाला, की दुर्बिणीने तपासून घ्यायची वेळ झाली.