पगारातून कापलेले २०० रुपये

आज लेकीचा पहिला पगार झाला. संध्याकाळी पगाराच्या स्लिपवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हे पीटीचे २०० रुपये का कापलेत?"

पीटी म्हणजे व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी, म्हणजे गावात मागेल त्याला काम देणारी सरकारी योजना, राज्यभर चालवायची, तर पैसा लागणार होता. म्हणून १९७५ मध्ये नोकरदारांवर, व्यावसायिकांवर हा कर बसवला. शहरातल्या पगारातून थेट दुष्काळी गावातल्या मजुरीला. पुढे तर कामाचा हक्कच कायद्यात आला.

मग तिला आजीबद्दल सांगितलं. माण तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन, पाऊस नाही म्हणजे काहीच नाही. आई रोजगार हमीतल्या पाझर तलावाच्या कामावर जायची. डोक्यावर चुंबळ, त्यावर मातीची पाटी, दिवसभर खालून वर. संध्याकाळी तळहातावरचे फोड सुईने फोडायची, हळद दाबायची. मजुरी कधी कधी महिनाभर रखडायची, तो राग तिच्या मनात अजून आहे. पण त्याच पैशातून माझी वह्या-पुस्तकं आली. मला शेळ्यांमागे न पाठवता तिने शाळेत ठेवलं.

रोजगार हमीवरचे मजूर "फुकट खातात" असं कुणी म्हटलं की म्हणूनच माझ्या जिवाला लागतं.

लेक काही बोलली नाही. आजीला फोन लावला. पगाराचा आकडा ऐकून आई दोनदा म्हणाली, "महिन्याला?"