सुया, गोळी आणि भाकरी

ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं निभावलं आणि हरले ती २.५ मिलिग्रॅमच्या गोळीपुढे. लेट्रोझोल. रोज एक, ५ वर्षं. शरीरातलं इस्ट्रोजेन ती पार खाली आणते, त्यामुळे माझ्या प्रकारचा स्तनाचा कॅन्सर उलटण्याचा धोका कमी होतो. पण सांधे धरतात. सहा महिन्यांत सकाळी बोटं उघडेनात. दुधाची पिशवी दातांनी फोडायची. सोलापूरची बाई आणि भाकरी थापता येईना! चार थापा मारल्या की अंगठ्याच्या मुळातून कळ मनगटापर्यंत.

शेवटी कुणाला न सांगता तीन आठवडे गोळी बंद ठेवली. लेकीनं पाकिटातल्या गोळ्या मोजल्या आणि चोरी उघडी पडली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "काकू, गोळी सोडायची नाही. दुखण्याचं आपण बघू." व्यायाम सांगितला, आणि अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे ठरावीक जागी बारीक सुया टोचून घ्यायचा उपचार. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला: २२६ बायका, हाच त्रास, याच जातीच्या गोळ्या. सहा आठवड्यांत खऱ्या सुया घेणाऱ्यांचं दुखणं १० पैकी साधारण २ अंकांनी उतरलं. खोट्या सुयावाल्यांचं (भलत्याच जागी, नुसत्या वरवर टोचलेल्या) आणि काहीच न घेणाऱ्यांचं साधारण १ नं. मी गणिताची बाई. फरक एका अंकाचा, हे लगेच दिसलं. तरी गेले.

पहिला माणूस म्हणाला, "गोळ्या फेकून द्या, सुया कॅन्सर परत येऊच देत नाहीत." तशीच चपला घालून बाहेर पडले. दुसऱ्या बाईंनी आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला, प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी पाहिल्या. डाव्या हाताला हातही लावला नाही. त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात, हात सुजायला नको.

सुई केसाएवढी. अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात गेली ते कळलंच नाही. फिरवल्यावर मात्र हात जड झाला, ओलं पोतं ठेवल्यासारखा. मग गुडघ्याखाली, घोट्याशी, कानात. हलायचं नाही म्हटल्यावर गप्पा. आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बसू, त्यांनी ही विद्या पुढे भारतात आणली, हे मला तिथे पडल्या पडल्या कळलं. आयुष्य सोलापुरात गेलं, आणि हे माहीत नव्हतं!

सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे सहा एकदा. वहीत रोज आकडा लिहिला. ८ वर सुरुवात, चौथ्या आठवड्यातही ७ च. आता ५. त्यात सुयांचं किती, उन्हाळ्याचं किती, लेकीपासून आता काही लपवायचं नाही याचं किती, हे गणित मला सुटत नाही.

गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर असतं, लेकीला दिसेल असं. रविवारी दोन भाकऱ्या थापल्या, दुसरी कडेला फाटली. तिसरीचा उंडा तिच्याकडे सरकवला.