तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेलिंग कशाला हवं असतं मला

घरातलं कुणी ॲडमिट झालं की मी डॉक्टरांकडे प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग का मागते, हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सांगून टाकते. इंग्रजी दाखवायला नाही. मी मराठी माध्यमातली, सोरायसिसच्या आधी पी असतो हे मलाही उशिराच कळलं.

डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास. डिसफेझिया म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे बोलायला त्रास. लिहिताना फरक फक्त जी आणि एसचा, आणि बोलताना तर तो दुसरा झ मराठीत नाहीच, ना झाडातला ना झेंड्यातला, म्हणून आपल्या तोंडी दोन्ही डिसफेजियाच होतात.

आत्याला स्ट्रोक आला तेव्हा डॉक्टरांनी आतेभावाला फोनवर एवढंच सांगितलं, डिसफेजिया आहे, सांभाळा. त्याने ओळखीतल्या एकाला विचारलं, तो म्हणाला अरे म्हणजे बोलता येत नाही, येईल हळूहळू. आणि आत्याची उजवी बाजू गेलेली, तिला बोलता येत नव्हतंच, मग शंका कुणाला येणार? संध्याकाळी तिने डाव्या हाताने कपाकडे खूण केली. त्याने बशीतून चहा पाजला, किती प्रेमाने पाजला ते मी समोर बसून बघितलंय. ठसकासुद्धा नीट लागला नाही, फक्त घशातून ओलसर घरघर येत राहिली. गिळण्याचा त्रास असेल तर पातळ चहा-पाणीच सगळ्यात पटकन श्वासनलिकेत उतरतं, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मग ताप, न्यूमोनिया, व्हेंटिलेटर. आत्या घरी आली नाही.

आतेभाऊ म्हणतो तोंडाने काही दिलं नाही तरी स्वतःची लाळ आत जाऊन न्यूमोनिया होतो. ते खरंय, मी नंतर वाचलं. चहानेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण चहामुळे नाही झालं असंही मला कुणी सांगू नये.

पूर्वी मीच म्हणायचे, डॉक्टरांनी सरळ मराठीत सांगावं, गिळता येत नाही, विषय संपला. आजही तसंच वाटतं. पण केसपेपरवर, ड्युटी बदलताना, डिस्चार्ज कार्डावर तोच शब्द फिरतो, त्याचं काय करायचं? बरेच डॉक्टर बोलण्याच्या त्रासाला आता अफेझियाच म्हणतात, घोळ नको म्हणून, म्हणजे घोळ फक्त आपल्याच कानांचा नाहीये.

डॉक्टर वैतागतात, बाहेर रांग असते, कळतं मला. तरी मी कागद पुढे करणार, आणि गिळण्याची तपासणी झाली का, पाणी द्यायचं का, हेही विचारणार.