पैसे बाकी

२६ मे २०२५, सोमवार. देवगड.

सकाळपासून वही घेऊन बसले आहे आणि एका ओळीपाशी अडले आहे.

वही आंब्याची. कोणाला किती पेट्या, कुठल्या गाडीने, पैसे आले की नाही. हंगाम संपला की आबांसमोर बेरीज मांडायची असते. एरवी हे जूनमधलं काम. यंदा पाऊस मृगाचीही वाट न बघता काल २५ तारखेलाच देवगडात येऊन ठेपला. टीव्हीवर गावाचं नाव आलं तर शेजारच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. झाडावर जे राहिलं ते आता कॅनिंगला, किलोच्या भावाने. म्हणून वही आजच काढली.

तर २३ एप्रिलच्या पानावर, माझ्याच अक्षरात: 'डोंबिवली, ३ पेट्या. पोचणार? पैसे बाकी.'

'पैसे बाकी'खाली रेघ. एक नाही, दोन.

आदल्या दिवशी, मंगळवारी, आम्ही मांगरात, बागेतल्या खोपटात, आंबे निवडत होतो. काश्मीरमधल्या पहलगामच्या हल्ल्याची बातमी फोनवर आली. आधी एक गेला म्हणाले, मग आकडा वाढतच गेला, शेवटी २६. हात थांबले नाहीत, एवढं मला लख्ख आठवतंय. पेंढा, थर, पेंढा, थर. रात्री जेवताना कोणी बोललं नाही, पण जेवलो सगळे. वहिनींच्या जूनच्या काश्मीरच्या तिकिटांबद्दल मी इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं, गेलेल्यांत तिघे डोंबिवलीचे, एकमेकांच्या नात्यातले. आणि मला पहिलं काय सुचलं असेल? डोंबिवलीच्या मावशींच्या तीन पेट्या भरून तयार आहेत. गुरुवारी डोंबिवली बंद. आज गाडीत चढवल्या तर उद्या उतरवून घेणार कोण? चढवल्या नाहीत तर अढीत किती दिवस ठेवणार? पिकायला लागलेला आंबा आहे तो.

मी फोन केला. मागे प्रचंड गर्दी, पण आवाज नव्हता. गर्दी असून आवाज नाही, असं कधी ऐकलंय कोणी? मावशी हळू बोलल्या, ''भागशाळा मैदानात आहे गं. आणतायत त्यांना.'' मी म्हणाले, ''बरं बरं, नंतर करते.'' ठेवायला जाणार तोच त्याच म्हणाल्या, ''पेट्यांचं ना? पाठव तू. बंद माणसांना आहे, आंब्याला कसला बंद.''

मग मी वहीत ती ओळ लिहिली आणि खाली रेघ मारली. दोनदा.

का मारली असेल? विसरू नये म्हणून, हे झालं शहाणं उत्तर. मीही सकाळपासून स्वतःला तेच देते आहे. पण मी रेघ मारते ती बुडीत वाटणाऱ्या नावांखाली, आणि मावशींनी अकरा वर्षांत एक रुपया बुडवलेला नाही. म्हणजे त्या मैदानाचं नाव ऐकल्यावर माझ्या डोक्यात कुठेतरी आलं असणार, की आता हे पैसे मागायचे कसे. दुखवट्याच्या घरी उधारी मागतात का? तर ते त्यांचं घरही नव्हतं. गावच दुखवट्यात होतं.

पैसे त्याच रात्री आले. पावणेबाराला. म्हणजे तिकडून घरी येऊन, आंघोळ करून, त्यांनी आधी हे उरकलं. मी उशाशी फोन घेऊन जागीच होते. आणि वहीत 'मिळाले' लिहायला काही उठले नाही. नंतरही नाही. महिना झाला.

गुरुवारी आमच्या बागेतल्या नेपाळी गड्याने, दाजूने, फोन पुढे केला. कुणा तरुणाचा फोटो. ''दीदी, एक हमारा भी है.'' गेलेल्यांत एक नेपाळचाही होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी काय बोलावं ते शोधत होते, तोवर दाजू झेल्याची, आंबे उतरवायच्या काठीची, जाळी बांधायला निघूनही गेला. दाजू सहा महिने आमच्या बागेत राहतो, आणि त्या तरुणाचं बुटवल त्याच्या घरापासून जवळ की लांब, हेसुद्धा मी विचारलं नाही. असो.

मे तर कसा गेला विचारू नका. ७ तारखेच्या मॉक ड्रिलच्या यादीत आपला जिल्हाही आला, तेव्हा आबांना एकाहत्तरच्या युद्धातली मुंबई आठवली, काचांना काळे कागद लावलेली. मग म्हणाले, ''दिवे मालवले तर पेटयो भरतलंस कशे?'' बंदरावरची माणसं तर २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर कवायतींना सरावलेली. किनाऱ्याच्या सुरक्षेची 'सागर कवच' कवायत आली की कार्डं काढा, दाखवा, परत खिशात घाला. आमची मात्र झोप गेली. आंबेवाल्याचं कोण विचारतं? आधी थंडी हवी तेव्हा नव्हती, मग तुडतुडे, मग फवारणीची उधारी, मग उन्हाने गळ, मग युद्ध, मग पाऊस…

हे आत्ता परत वाचलं. युद्ध मी फवारणी आणि पावसाच्या मध्ये बसवलं आहे. गळीनंतर. आबा बेरीज तपासतील तेव्हा त्यांनाही खर्चाचं एक कलम वाटायचं.

हसू आलं खरं. काका आठवला. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा तो नालासोपाऱ्याला राहायचा. दुसऱ्या दिवशी तीच गाडी धरून कामावर. सगळीकडे मुंबईचं स्पिरिट, मुंबईचं स्पिरिट चाललेलं. काका गणपतीला आला तेव्हा आम्ही पोरं त्याच्याकडे लढाईवरून आल्यासारखे बघत होतो. तो मोदक खाता खाता म्हणाला, ''स्पिरिट खयचा? खाडो पडलो असतो.''

मग माझी रेघ ही पण खाड्याचीच समजावी का? पटतंय, पण पूर्ण नाही. काकाला निदान कुणाचे पैसे मागायचे नव्हते.

एवढं लिहून होतंय तोच मावशींचा फोन. देवगडात पाऊस शिरला, बातम्यांत बघितलं, बागेचं काय झालं, आबांचा गुडघा कसा आहे. मी मध्येच धीर करून म्हटलं, ''मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला मैदानात फोन केला ना, तेव्हा खरं तर…''

''हो गं, बरी आठवण केलीस! सांगायचंच राहत होतं. तिसऱ्या पेटीत दोन साक्याचे निघाले.''

साका म्हणजे आतला गर बिघडलेला; तो वरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी दोन म्हणजे दोन. कुठल्या थरातले तेही सांगितलं. मग भाव जास्त होता हे सांगितलं. मग पुढच्या वर्षी चार पेट्या, पण पेंढा जरा सुका घाल, हे सांगितलं. मी सगळ्याला हो म्हणत गेले. इतकं बरं मला महिनाभरात वाटलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर २३ एप्रिलच्या ओळीपुढे लिहिलं: 'मिळाले.' खाली: 'डोंबिवली, २ आंबे देणे.'

त्याखालीही रेघ मारली.